दशमीचा अर्धा सिनेमा

आये,

तू होतीस तोवर तुला पत्र लिहावं असं कधी डोक्यातही आलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि लग्न करून मी गेले तरी किती लांब, तर खाडी सोडून रुळांच्या पलीकडे. काही सांगायचं झालं की येऊन चुलीपाशी बसायचे. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस तुझ्या शेवटच्या फोटोतल्यापेक्षा पांढरे आहेत. दुपारची वेळ आहे. तुझे जावई आतल्या खोलीत झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात नळ उघडा ठेवून ओट्याशी बसले आहे. नळाला पाणी यायचं आहे. कधी येईल ते देव जाणे. तोवर तुला सिनेमाबद्दल लिहिते, कारण सिनेमाबद्दल पोटभर बोलावं असं माणूस मला तुझ्यानंतर मिळालं नाही.

गेल्या आठवड्यात वसईला सिनेमांचा महोत्सव झाला. महोत्सव म्हणजे जत्राच समज, फक्त पाळणे नाहीत आणि मोठ्याने कुणी बोलायचं नाही. तीन दिवस, देशोदेशीचे सिनेमे, तिकीट नाही. बसस्टँडजवळच्या भिंतीवर कागद चिकटवला होता. मी औषधं घ्यायला गेले होते, तिथेच पिशवी खाली ठेवून तो दोनदा वाचला. सगळे सिनेमे दुपारचे होते. छातीत अशी धडधड झाली की आपल्या वयाची मलाच लाज वाटली. तुला ठाऊक आहे मला. गोखिवऱ्याच्या गाळ्यात पेनांना टोपणं बसवायची नोकरी केली, तेव्हा हाताखाली टोपणं आणि डोक्यात रविवारचा सिनेमा असायचा. बायका म्हणायच्या, हिची निम्मी टोपणं वाकडी बसतात ती नटांमुळे. आता मोबाइलवर सगळं जग दिसतं म्हणे. मीही बघते, पण हे झोपले की पाच मिनिटं, कुकर लावला की सात मिनिटं. एक सिनेमा मला पंधरवडा पुरतो. तोवर पहिली माणसं कोण होती ते विसरायला होतं.

कारण सांगते. यांना अर्धांगाचा झटका आला, त्याला दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत आहे, आणि तेच जास्त वाईट आहे असं मला कधी कधी वाटतं. मुलगा पुण्याला आहे, तो फोनवरून काळजी करतो. भाजी आणायला जाते तेव्हा मी बाहेरून कुलूप लावते. आत ते असतात, किल्ली माझ्या कंबरेला टोचत असते, आणि जिना उतरताना मला वाटतं की कोंडून मलाच घातलंय. हे मी कुणाला सांगत नाही. लोक म्हणतात, किती करते बाई नवऱ्याचं. मी हसते. आये, मला कंटाळा आलाय. माणसाचा नाही, पण दिवसाचा. सकाळी डोळे उघडायच्या आधीच संध्याकाळपर्यंतचं सगळं दिसतं, आणि त्यात कुठेही दार नाही.

वरून हे पाणी. आमच्या इमारतीला पाणी दुपार कलल्यावर येतं, तासभर टिकतं, आणि त्या तासाला घरी कुणी नसलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत बसा कोरडे. तू जन्मभर पाणी बाहेर ठेवायला धावलीस, मी पाणी घरात घ्यायला धावते. कपाळ तेच.

तुझ्या धावण्याची मला रोज आठवण येते. खाडीच्या बांधाला जी उघाडी होती, पावसाचं पाणी जाऊ द्यायला ठेवलेलं ते तोंड, त्याला आपलं शेत सगळ्यांत जवळ. म्हणून भरतीच्या आधी तिथे लाकडी फळ्या उतरवायचं काम आपल्या घराचं. बाबा दिवसभर मिठागरावर. म्हणजे काम तुझं. एकदा खारं पाणी आत शिरलं की भात गेलाच, पुढची दोन-तीन वर्षं जमीनही गेली, आणि आपलीच नाही, मागच्या सगळ्यांची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब तू मला पाढ्यांच्या आधी शिकवलास. आणि त्याच हिशेबावर तू सिनेमा बघायचीस. वसईच्या टॉकीजला तीनचा खेळ. अमावस्येच्या आसपास आलेला सिनेमा आपल्याला पूर्ण मिळायचा. दशमी-एकादशी असली की भरती संध्याकाळी साडेसात-आठची, म्हणून मध्यंतराला उठायचं. सिनेमा शुक्रवारी बदलायचा आणि आठवडी बाजाराचा म्हणून तुला एकच दिवस सुटा मिळायचा, त्यामुळे कुठला सिनेमा किती बघायचा ते चंद्र ठरवायचा. माझ्या मैत्रिणी सिनेमाला रंगीत की साधा विचारायच्या, मी तुला विचारायचे, आये, तिथी कुठली?

आणि बसायचं नेहमी रांगेच्या कडेला, दाराच्या बाजूला. मध्ये जागा रिकाम्या असल्या तरी. तू म्हणायचीस, "मंदी बसला का अडाकला. कडेला बसला का पाय आपले."

मध्यंतराचा दिवा लागला की तू पदर खोचायचीस. मी तोंड वाकडं करायचे. एकदा मी खुर्चीचा दांडा धरून बसले, उठेचना, तेव्हा तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की आठवडाभर निळा होता. म्हणालीस, "पानी काय तुजे हिरोसाठी थांबनार हाय?" मग बांधावरून चालत जायचं, तू पुढे, मी मागे नाक ओढत. फळ्या उतरवायच्या, फटीत गवत आणि चिखल दाबायचा. आणि मग त्या चिखलाच्या हातांनीच तू उरलेला सिनेमा सांगायचीस. न पाहिलेला. मी विचारायचे, मग त्याचं काय झालं? तू म्हणायचीस, "काय व्हनार? गेला घरी. त्याची आय वाट बगत व्हती. तिनं त्याला जेवान वाडला."

"आणि ती नाचणारी?"

"तीपन जेवली."

"आणि तो दुष्ट?"

"त्यालापन दिला. उपाशी कुनाला ठेवाचा?"

तुझे सगळे सिनेमे असेच संपायचे. डाकू, कोट्यधीश, पोलीस, सगळे एका पंगतीला. मी लग्नानंतर हे यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. त्यानंतर कुठलाही सिनेमा बघून आले की ते विचारायचे, "काय गं, जेवले का सगळे शेवटी?" सिनेमाचं वेड त्यांना नव्हतंच, माझ्या वेडाची त्यांनी चेष्टाच केली जन्मभर. पण हे एक विचारायचे.

तो एक दिवसही आठवतो. मी दहाएक वर्षांची असेन. दशमी होती, मध्यंतर झालं, तू उठलीस आणि मी तुझ्या मागोमाग उठले, तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलंस. "तू बस," म्हणालीस. "आज मी एकलीच जाते. तू बग नी मना सांग." हातात चण्यांची पुडी दिलीस आणि गेलीस. दिवे गेले. तुझी खुर्ची माझ्या शेजारी रिकामी. पडद्यावर काय चाललं होतं ते मला एक अक्षर आठवत नाही. मला फक्त तू दिसत होतीस, बांधावर एकटी, फळी उचलताना. दुसऱ्या बाजूला धरायला कुणी नाही. मी उठले आणि धावत सुटले, थेट उघाडीपर्यंत. चणे वाटेत सांडले. मला वाटलं तू जवळ घेशील. तू फळी हातात धरून माझ्याकडे बघितलंस, आणि तुझं तोंड असं काही झालं की मी आजवर ते विसरले नाही. "तुला बसाला सांगितला व्हता ना मी," एवढंच म्हणालीस. त्या दिवशी तू शेवट सांगितला नाहीस. मला वाटलं तू रागावलीस. आता वाटतं, तुला एकदा तरी खरा शेवट हवा होता गं, आणि तो आणायला तू मला बसवलं होतंस.

मग बांध गेला. खाडीत मातीची भरणी पडली, इमारती आल्या, उघाडी कुठे होती ते दाखवायलाही खूण राहिली नाही. मी लग्न होऊन नोकरीला लागलेली, तुला हौसेने सिनेमाला घेऊन गेले, की आता बघ बाई पूर्ण. मध्यंतराचा दिवा लागला आणि तू पदर खोचलास. "चल." मी म्हटलं, "आये, आता कुठली उघाडी?" तू बसलीस, पण खुर्चीच्या कडेवर, अर्धी. सगळा दुसरा भाग तू दाराकडे बघत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "मना नाय बरा वाटला. अर्धाच बरा व्हता." पुन्हा तू कधी टॉकीजमध्ये आली नाहीस. मला तेव्हा फार हसू आलं होतं. घरी येऊन यांना सांगितलं, आम्ही दोघंही हसलो.

तर महोत्सव. खालच्या मजल्यावरची शेजारीण भली आहे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बिनधास्त जा. मी बसते भाऊंजवळ, माझं शिवणकाम घेऊन. फक्त साडेचारला मला सोडा, नातीला क्लासवरून आणायचंय." म्हणजे माझी भरती साडेचारची. पहिल्या दिवशी गेले. सभागृहात कॉलेजची मुलं, निवृत्त मास्तर, चार-पाच माझ्यासारख्या बायका. मी आपली दाराकडची कडेची खुर्ची धरली. आणि आये, मला एक गोष्ट ठाऊकच नव्हती. या सिनेमांना मध्यंतर नसतं. दिवा लागतच नाही. उठायचं ते अंधारात, लोकांच्या पडद्यावर आपली सावली पाडत. मी घड्याळाकडे बघत राहिले आणि चार वाजता चोरासारखी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशीही तेच. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, निम्मं वाक्य वाचून होतंय तोवर दुसरं यायचं. तरी समजत होतं. एक म्हातारा आणि त्याचं गाढव होतं, बर्फात. त्यांना तसंच बर्फात सोडून मी रिक्षा पकडली.

त्या संध्याकाळी यांना पेज भरवत होते. त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि जड जिभेने विचारलं, "मग? गाढव?" मी गाढवाचं कधी सांगितलं होतं ते मलाच आठवेना. बडबडले असेन काम करताना. मी म्हटलं, "माहीत नाही. उठून आले." पेज हनुवटीवरून ओघळली, मी पुसली. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखे म्हणाले, "उद्या. पुरा. बघ." मला रडू आलं आणि रागही आला. बघ म्हणे. कशी बघू? तुम्हाला कुणाच्या भरवशावर टाकू? हे सगळं मनातच. चमचा आपटला मात्र.

तिसऱ्या दिवशी शेजारणीने नातीची व्यवस्था केली. साडेपाचपर्यंत मोकळी आहे म्हणाली. मी पोचायला थोडा उशीर झाला, वसईच्या रस्त्यावर लग्नाची वरात. आत शिरले तर शेवटच्या सिनेमाला गर्दी. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक पोरगी कडेला उभी होती. मी माझ्या कडेच्या खुर्चीकडे वळले तर ती म्हणाली, "आंटी, आत सरका ना प्लीज, मधल्या सीट खाली आहेत. मागून लोक येतायत." मी म्हटलं, "अगं, मला लवकर उठायचं असतं." ती गोड हसून म्हणाली, "लास्ट फिल्म आहे आंटी, आज कोण उठतंय?" आणि मी सरकले. सरकत सरकत पार मधोमध. दोन्ही बाजूंना माणसं, समोर गुडघ्याला खुर्ची. तुझं वाक्य आठवलं, मंदी बसला का अडाकला. दिवे गेले आणि मी पर्स मांडीवर घट्ट धरली.

सिनेमा एका बाईचा होता. बेटावर राहणारी, सासऱ्याचं करणारी. ती रोज भाकरी भाजते, रोज पाणी आणते, आणि रोज धक्क्यावर होडी येते नि जाते. एवढंच. शेजारचा मुलगा झोपला. मी मात्र डोळे मिटत नव्हते. ती भाकरी उलटताना जशी बोटं झटकायची ना, तशी तू झटकायचीस. चारच्या पुढे कधीतरी मांडीवरचा मोबाइल थरथरला. इमारतीच्या ग्रुपवर निरोप होता, आज पाणी लवकर सोडलंय. पाठोपाठ शेजारणीचा, "ताई मी पाणी भरायला खाली जाते, मग वर येता यायचं नाही, भाऊंजवळ बाटली ठेवलीय, तुम्ही निघताय ना?" मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. इकडे आड, तिकडे विहीर. डावीकडे सात-आठ जोडी गुडघे, उजवीकडेही तेवढेच. उठले असते तर सगळी रांग उठवावी लागली असती. मी स्वतःला सांगितलं, कशी उठणार, अडकले आहे मी. आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

मग मी पूर्ण सिनेमा बघितला, आये. उठायची वेळ टळून गेलेली असताना, जन्मात पहिल्यांदा, पूर्ण. शेवटी ती बाई घागर धक्क्यावर ठेवते आणि होडीत चढते. मागे वळून बघत नाही. घागर तिथेच, आणि पाणी चढत चढत घागरीपर्यंत येतं. संपलं. कुणी जेवत नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडलं. नळ कधीचा येऊन गेला होता, पिंप रिकामं. यांनी डाव्या हाताने बाटली घ्यायचा प्रयत्न केला असावा, ती लवंडली होती, चादर ओली, आणि ती ओल नुसत्या पाण्याची नव्हती. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलले तर बरं होईल. मी शेजारणीकडून बादलीभर पाणी आणलं, त्यांना पुसलं, चादर बदलली. सगळं झाल्यावर त्यांनी मान वळवली.

"पुरा?"

"पुरा."

"मग?" थांबले. ओठ ओला केला. "जेवले?"

मी त्यांच्याकडे बघितलं. तोंडाचा एक कोपरा हसत होता, तेवढाच आता हसतो. मी म्हटलं, "जेवले. ती घागर घेऊन घरी आली. भात केला. सगळे जेवले." त्यांनी डोळे मिटले आणि समाधानाने श्वास सोडला. तुझा शेवट तुझ्या जावयाच्या कामी आला. मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि बराच वेळ रिकाम्या नळाखाली हात धरून उभी राहिले.

तुझ्यासाठी खरा शेवट आणायचा राहिला होता, तो वर लिहिला आहे. आता एकच सांगायचं राहिलं, आणि ते सांगायचा धीर होतोय तो तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच. त्या दिवशी सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. डावीकडची रांग गेली, उजवीकडची गेली. दारापर्यंत सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. ती पोरगी दोनदा येऊन बघून गेली. मला कुणी अडवलेलं नव्हतं. घरी ते एकटे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी तिथे मधोमध बसून राहिले, पडदा पांढरा झाल्यावरही, आणि त्या वेळात मला त्यांची एकदाही आठवण आली नाही. तू बस म्हणाली होतीस ना, तशी बसले.

नळ खाकरला. पाणी आलं वाटतं. उठते.